कोअरयुटिल्सच्या चाचण्या: ‘फेल शून्य’ आलं की झालं का?

पाटीपुसणं
काल इथेच एकाने नवशिक्यांना सल्ला दिला: कोअरयुटिल्सला (लिनक्सच्या रोजच्या मूलभूत आज्ञांचा जीएनयूचा संच) पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवायचाय तर कंटेनर (यंत्रातलीच वेगळी बंदिस्त जागा) उघडा, रूट (सगळे अधिकार असलेलं खातं) म्हणूनच ‘मेक चेक’ ही चाचण्या चालवणारी आज्ञा मारा, स्किपकडे (न चाललेल्या चाचण्यांकडे) बघू नका, फेल शून्य आलं की पाठवा. डोकं फिरलं, म्हणून हा धागा.

अहो, रूटला परवानग्या आडव्या येतच नाहीत. फाइलच्या सगळ्या परवानग्या काढल्या तरी तो ती वाचतो. म्हणून ‘नकार मिळतो का’ हे बघणाऱ्या चाचण्या रूट दिसला की ७७ परत करून बाजूला होतात. ७७ म्हणजे स्किप, पास नव्हे! उलट काहींना रूटच लागतो, त्यासाठी ‘चेक-रूट’ वेगळं आहे. म्हणजे दोनदा चालवायचं, एकदा साध्या वापरकर्त्याने, एकदा रूटने. वेळखाऊ चाचण्या तर मुद्दाम चालू केल्याशिवाय उठतही नाहीत.

आमच्या जुन्या ऑफिसात बिल्ड असाच रूटखाली चालायचा. सहा महिने सगळं हिरवं. ग्राहकाकडे साध्या खात्यावर पहिल्याच दिवशी आपटलं, आणि रविवारची रात्र माझी गेली.

कंटेनरवाला
सल्ला माझाच होता. नाव घ्यायला लाजू नका.

‘ट्रू’सारख्या चिमुकल्या आज्ञेच्या मदतमजकुरातली एक चूक सुधारायला आलेल्या पोराला दोनदा चालव म्हणालात तर तो तिसऱ्यांदा फिरकणार नाही. बाकी मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, बघून घेतात. आणि मुळात २०२५ उलटल्यावरही चाचण्या शेल आणि पर्लमध्ये? एक पडली की लॉगमध्ये अधिकचिन्हांची रांग. रस्ट भाषावाल्यांचं बघा, ‘कार्गो टेस्ट’, विषय संपला.

पाटीपुसणं
रस्टचं नाव काढलंच आहे तर ऐका. उबुंटू २५.१० मध्ये रस्टमधलं ‘डेट’, म्हणजे तारीख-वेळ सांगणारी आज्ञा, आलं. त्याला ‘आर’ पर्याय देऊन फाइलची वेळ विचारली की ते आत्ताची वेळ सांगायचं. तक्रार नाही, एरर नाही. त्यापायी आपोआप होणारी अपडेट-तपासणी बंद पडली. आणि हेच यूयुटिल्सवाले, म्हणजे कोअरयुटिल्स रस्टमध्ये पुन्हा लिहिणारे, आपली प्रगती मोजतात कशावर? जीएनयूच्या त्याच ‘जुनाट’ शेल चाचण्यांवर.

कंटेनरवाला
मग त्या थोर चाचण्यांना हे का नाही सापडलं?

पाटीपुसणं
प्रश्न बरोबर आहे. उत्तर माझ्याकडे नाही. झालं समाधान?

अनुस्वार
अवांतर, पण राहवत नाही. बहुतेक चाचण्या सी लोकेलमध्ये (लोकेल म्हणजे यंत्राची भाषेची मांडणी, ‘सी’ ही त्यातली मूळ) चालतात. काहींना फ्रेंच लोकेल लागतं, ते यंत्रावर नसलं की त्याही स्किप. मराठीचं कोण बघतंय?

गावच्या वाचनालयाची यादी लावत होतो. लेखकाच्या आडनावाचं आद्याक्षर काढायला ओळीचा तुकडा कापणाऱ्या ‘कट’चा ‘सी’ पर्याय लावला, तर सगळीकडे प्रश्नचिन्हं. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइटचं, आणि हे पहिला बाइट कापून देतंय. नाव कॅरेक्टरचं, काम बाइटचं!

ऑकभक्त
‘गॉक’ (मजकूर हाताळणाऱ्या ‘ऑक’चं जीएनयू रूप) वापरा की राव.

अनुस्वार
वापरलं. ‘क्षीरसागर’ सगळे ‘क’मध्ये गेले.

ऑकभक्त
बरोबरच आहे. क, हलन्त, ष. पहिलं चिन्ह ‘क’च.

अनुस्वार
तुमच्या शब्दकोशात ‘क्षमा’ कुठे सापडते मग?

ऑकभक्त
‘क’मध्येच, जोडाक्षरांपाशी. काही कोश शेवटी ‘ज्ञ’शेजारी लावतात. तुमचा कोश आणा, माझा आणतो.

कंटेनरवाला
‘मराठी’त अक्षरं किती?

ऑकभक्त
मोजणारं ‘डब्ल्यूसी’ म्हणतं पाच. बाइट पंधरा.

अनुस्वार
पहिलीतलं पोरही तीन सांगेल! पाच हे उत्तर ‘पास’ धरणारी चाचणी लिहिणारा मराठी वाचू शकतो का?

ऑकभक्त
पहिलीतल्या पोराने पोसिक्स, म्हणजे या आज्ञांचं मानक, वाचलेलं नसतं. साधन चिन्हं मोजतं, व्याकरण नाही. जमत नसेल तर वही-पेन्सिल घ्या.

अनुस्वार
माझं आडनाव क्षीरसागर आहे. बोला आता.

ऑकभक्त
हे आधी सांगायचं ना. तरी ‘क’च.

पाटीपुसणं
धागा चाचण्यांचा होता हो! तुम्हा दोघांना एवढा पुळका आहे तर ‘क्षी’साठी एक शेल चाचणी लिहा. अपेक्षित उत्तर काय ते आधी आपसात ठरवा.

कंटेनरवाला
कालचा माझाच पॅच साध्या वापरकर्त्याने चालवून पाहिला. रूटखाली गप्प बसलेल्या चाचण्या धावल्या, आणि एक पडली. परवानगीचीच. घ्या, वाजवा टाळ्या. सल्ल्यातलं ‘रूट म्हणूनच’ खोडलंय. ‘स्किपकडे बघू नका’ मात्र ठेवलंय, फ्रेंच लोकेल कोण बसवत बसणार?

अनुस्वार
फ्रेंच राहू दे, मराठी बसवा.