डिस्पॅचमधून लॉजिस्टिक्स इंजिनिअर व्हायचंय, नाशिकमध्ये राहून जमेल का?

अंबड_मेकॅनिकल

नमस्कार मंडळी. मेकॅनिकल झालंय, अंबड एमआयडीसीत ऑटो पार्टच्या कंपनीत डिस्पॅचला आहे, तीनेक वर्षं झाली. सकाळी प्लॅन बघायचा, गाडी बोलवायची, लोडिंग करून घ्यायचं, इनव्हॉइस, ई-वे बिल, गेट पास आणि मग दिवसभर चाकणच्या कस्टमरचे फोन, गाडी कुठपर्यंत आली. आता भिवंडीच्या एका वेअरहाऊसवाल्यांकडून लॉजिस्टिक्स इंजिनिअर म्हणून बोलावणं आलंय. पगार थोडा जास्त आहे पण तिकडचं राहणं-खाणं धरलं तर हातात तेवढंच उरतं. घरचे म्हणतात इंजिनिअर होऊन गाड्या कसल्या भरतोस, डिझाईनला नाहीतर क्वालिटीला जा. पण मला हेच काम मनापासून आवडतं, माल वेळेवर आणि धड पोचला की बरं वाटतं. फक्त यात पुढे इंजिनिअर म्हणून वाढ कशी होते ते आमच्याकडे सांगणारं कोणी नाही. नाशिक सोडावंच लागेल का? कोर्स कुठला करू?

सिन्नर_पॅकेजिंग

मित्रा, गाडी भरणं आणि गाडीत काय कसं बसेल हे ठरवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं काम तुझ्या कंपनीत बहुतेक कोणीच करत नसेल. तिथूनच सुरू कर, कोणाची परवानगी लागत नाही.

एक उदाहरण देतो. आपल्याकडे पॅलेट, म्हणजे बॉक्स रचायची फळी, बहुतेक १२०० बाय १००० मिमीचं असतं. बॉक्स ६०० बाय ४०० चा असेल तर एका थरात ५ बसतात, जरा पण जागा वाया जात नाही, कागदावर काढून बघ, दोन आडवे तीन उभे. आता समज डिझाईनवाल्यांनी पार्टभोवती जरा फोम वाढवला आणि बॉक्स झाला ६२० बाय ४२०. वीसच मिमी वाढले, कोणाच्या लक्षातही येत नाही. पण पॅलेटच्या बाहेर न काढता लावायला जा, थरात ३ च बसतात! म्हणजे ज्या मालाला तीन गाड्या लागायच्या त्याला पाच लागणार, आणि अकाउंट्सवाले म्हणणार भाडं वाढलं, ट्रान्सपोर्टर बदला. भाडं वाढलेलंच नसतं, बॉक्स वाढलेला असतो. हे जो शोधून आकड्यात मांडतो तो लॉजिस्टिक्स इंजिनिअर, घरच्यांना हेच दाखव.

तुमच्या टॉप दहा पार्टचे बॉक्स टेपने मोज, थर किती, स्टॅकिंग किती उंच चालतं, गाडी वजनाने भरते का जागेने, सगळं एक्सेलला टाक. परत येणारे बिन, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायचे क्रेट, असतील तर ते कस्टमरकडे किती दिवस पडून राहतात तेही लिही, कारण बिन अडकले की लोक पुठ्ठ्यात माल पाठवतात आणि मग डॅमेज सुरू.

द्राक्षपंढरी_एक्स्पोर्ट

दादा, वरचं अगदी बरोबर आहे पण ऑटोच्या बाहेरही बघा. नाशिक सोडायचं का विचारताय, तर आपल्या जिल्ह्याइतकी लॉजिस्टिक्स शिकायला जागा कुठे आहे. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव पट्ट्यात द्राक्षं निवडून पेट्या भरणारी पॅकहाऊसेस आहेत, जानेवारी ते एप्रिल इथे झोप मिळत नाही. मी मॅकेनिकलच, पण गेली काही वर्षं द्राक्षाच्या कोल्ड चेनमध्ये, म्हणजे माल शेवटपर्यंत गार ठेवायच्या कामात, आहे.

इथे इंजिनिअरिंग कुठे लागतं सांगते. बऱ्याच लोकांना वाटतं रीफर कंटेनर म्हणजे मोठा फ्रीज, माल टाकला की गार होणार. तसं नाहीये. रीफर गार माल गार ठेवतो, गरम माल गार करायची त्याची ताकद नसते. म्हणून बागेतून आलेली द्राक्षं आधी प्रीकूलिंगला जातात, पेट्यांमधून जोरात थंड हवा ओढून मण्याच्या आतलं तापमान शून्याच्या आसपास आणायचं, त्याला कित्येक तास लागतात. मग पेटीची भोकं एकावर एक जुळली पाहिजेत, नाहीतर हवा मधल्या पेट्यांपर्यंत जातच नाही. भोकं कुठे, प्रीकूलिंगला एका वेळी किती माल, एका कंटेनरला किती बॅच, त्यावरून मजूर सकाळी किती वाजता बागेत हवेत, हे सगळं उलटं मोजत जायचं असतं. आणि त्या साखळीचं शेवटचं टोक न्हावाशेवा बंदराला असतं, गेट कट-ऑफ म्हणजे कंटेनर आत घ्यायची शेवटची वेळ, ती चुकली की जहाज गेलं. रस्त्यात जेनसेट, म्हणजे कंटेनरला वीज देणारा जनरेटर, बंद पडला तर तापमान नोंदवणाऱ्या डेटा लॉगरच्या ग्राफवर ते दिसतं आणि तिकडचा खरेदीदार क्लेम लावतो.

२०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपला जाणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, प्रवास दहा-पंधरा दिवसांनी वाढला. द्राक्षाला पंधरा दिवस म्हणजे काय ते शेतकऱ्याला विचारा. त्या सीझनला ज्यांच्याकडे मागच्या लोडचे तापमानाचे रेकॉर्ड नीट होते त्यांनाच ठरवता आलं की कुठल्या बागेचा माल एवढा टिकेल आणि कुठला जवळच्या मार्केटला वळवायचा. त्यात कोणाची तरी वर्षभराची मेहनत असते हो, नुसता माल नसतो तो.

आडगाव_ट्रान्सपोर्ट

मी गाडीवाला आहे, इंजिनिअर नाही, पण तुमच्यासारख्या पोरांशी रोजचा संबंध म्हणून लिहितो. तुम्ही कोर्स काहीही करा पण एकदा गाडीत बसून डिलिव्हरीपर्यंत जा. ऑफिसात बसून वाटतं गाडी उशिरा पोचली म्हणजे ड्रायव्हर कुठेतरी झोपला. खरं बघितलं तर गाडी वेळेत गेटवर असते, पण डॉक, म्हणजे माल उतरवायची जागा, रिकामा नाही, कागदावर पार्ट नंबर चुकला, वाराईवरून म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीवरून हमालांशी वाद, असं करत दिवस जातो, हॉल्टिंग म्हणजे थांबल्याचे पैसे मागितले की कोणी देत नाही. रिटर्न भाडं पण जातं, मग गाडी रिकामी आणायची.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाला, कसारा घाट टाळून बोगद्यातून भिवंडीच्या बाजूला उतरता येतं. रस्त्यावर वेळ वाचतो हे खरंय. पण वाचलेला वेळ गेटवर उभं राहण्यातच जाणार असेल तर टोल भरून काय मिळालं. गेटवरचे तास कमी करणारा इंजिनिअर आमच्या धंद्याला पाहिजे, तो कुठेच भेटत नाही. गाडी गेटवर कधी आली, डॉकला कधी लागली, मोकळी कधी झाली एवढे तीन टाईम लिहायला लागा. आणि २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवसांत गाड्या कुठून काढणार याचाही आत्ताच विचार करा, तुमच्या कंपनीत कोणी केला नसणार.

अंबड_मेकॅनिकल

सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. गेटचे टाईम आमच्याकडे सिक्युरिटीच्या रजिस्टरला आहेत, डॉकचे नाहीत, ते सोमवारपासून मीच लिहितो. पण कोर्सचं राहिलं. आणि भिवंडीचं काय करू?

पुणे_सप्लायचेन (मूळ नाशिकरोड)

कोर्सचं सांगतो. पहिलं एक्सेल पक्कं कर, पिव्हट आणि सॉल्व्हर. इंजिनिअरिंगला ऑपरेशन्स रिसर्चमध्ये ट्रान्सपोर्टेशन प्रॉब्लेम, म्हणजे कुठून कुठे किती माल पाठवला की खर्च कमी, शिकला असशील, त्याची व्होगेलची मेथड वगैरे, तेव्हा मार्कांसाठी केलं असेल, आता तेच तुमच्या खऱ्या आकड्यांवर लाव. पॅकेजिंगची गोडी लागली तर मुंबईला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग आहे. एएससीएम या अमेरिकन संस्थेचं लॉजिस्टिक्सचं सीएलटीडी सर्टिफिकेट चांगलं आहे पण महाग आहे, आणखी अनुभव घे आणि कंपनी पैसे देत असेल तर कर. पूर्णवेळ शिकायची तयारी असेल तर आयआयएम मुंबई, म्हणजे आधीचं निटी, या विषयात जुनं नाव आहे. पंधरा दिवसांत सप्लाय चेन एक्स्पर्ट बनवतो म्हणणाऱ्या क्लासला पैसे देऊ नको.

भिवंडीवाल्यांना इंटरव्ह्यूत सरळ विचार, की लेआऊट, स्लॉटिंग म्हणजे कुठला माल कुठे ठेवायचा ते, डब्ल्यूएमएस म्हणजे वेअरहाऊसच्या सॉफ्टवेअरचं सेटिंग, यात माझा हात असेल का, की शिफ्टला उभं राहून पिकिंगचे, म्हणजे ऑर्डरप्रमाणे माल काढल्याचे, आकडेच गोळा करायचे. कुठला माल दाराजवळ ठेवायचा आणि कुठला आत, हे ठरवायला मिळणार असेल तर दोन वर्षं काढ तिकडे, पगाराकडे बघू नको. नुसतं सुपरवायझिंग असेल तर अंबडलाच थांब, ते बॉक्सचं आणि गेटचं काम सहा महिने कर आणि वाचलेले रुपये लिहून सीव्हीत टाक. ऑफर लेटर आलं की इथे टाक, नाव झाकून, बघू आपण.