बीएस्सी फिजिक्सवर टॉवरमध्ये जाता येतंय का? एटीसीची (एअर ट्रॅफिक कंट्रोल) माहिती पाहिजे

उजळाईवाडीकर:
आमचं घर विमानतळाजवळच हाय, धाकटी बहीण गच्चीवरनं विमानं बघतच मोठी झाली. आता बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला हाय आणि परवा म्हणाली, दादा मला पायलट नाही व्हायचं, टॉवरमध्ये बसायचंय. घरात कुणालाच काय सांगता येईना. बाबा म्हणतात दिवसभर रडार बघत बसायचं काम, मामा म्हणतोय त्याला आधी पायलट व्हायला लागतंय. तिथली माणसं नेमकं करतात काय आणि हे शिकायचं कुठं? क्लासची फी भरायच्या आधी कळलेलं बरं.

रिटायर्ड_कंट्रोलर:
पायलट व्हायला लागत नाही. भरती एअरपोर्ट्स अथॉरिटी करते, ज्युनियर एक्झिक्युटिव्ह म्हणून. बीएस्सीला फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही पाहिजेत, नाहीतर इंजिनिअरिंग. वयाची अट २७, आरक्षणात सवलत असते. तिला मॅथ्स आहे का हे आधी बघ बाळा, इथंच बरीच पोरं अडकतात.

आता काम. एकच माणूस सगळं बघत नाही. मोठ्या विमानतळावर पार्किंगपासून धावपट्टीपर्यंत ग्राउंडवाला आणतो, धावपट्टी टॉवरच्या ताब्यात, वर गेलं की विमानतळाभोवतीच्या आकाशात अप्रोच आणि पुढं लांबच्या मार्गावर एरिया कंट्रोल. छोट्या ठिकाणी एकाच माणसाकडं दोन-दोन कामं येतात. धावपट्टी कुठल्या टोकानं वापरायची हे वाऱ्यावर ठरतं, कारण विमान वाऱ्याला तोंड करून उतरवतात. आपल्या कोल्हापूरची धावपट्टी ०७-२५, म्हणजे एक दिशा साधारण ७० अंश, दुसरी २५०. पश्चिमेचा वारा सुटला की २५, म्हणजे विमान पूर्वेकडनं येणार. रडारवर दोन विमानांत ठरलेलं अंतर ठेवायचं आणि खालच्या उंचीवर एकावर एक असतील तर मध्ये हजार फूट. ते सगळं मनात जुळवत बोलत राहायचं.

पण माझ्या मते खरं काम ऐकण्याचं. आपण सूचना द्यायची, पायलटनं ती तशीच परत म्हणायची, आणि तो चुकला तर त्याच क्षणी पकडायचं. १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीवर दोन विमानं धडकली, ३४९ माणसं गेली. कझाक विमानाला १५ हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं, ते खाली आलं आणि समोरनं १४ हजारावर सौदीचं विमान येत होतं. तेव्हा दिल्लीच्या रडारवर उंची दिसत नव्हती, म्हणजे कंट्रोलरकडं फक्त पायलटचा शब्द. तुझ्या वडिलांना हे जरूर सांग.

उजळाईवाडीकर:
काका लई आभार, अंगावर काटा आला. मॅथ्स हाय तिला. पण एक भीती हाय, शाळा मराठी मीडियमची, इंग्लिश समजतंय पण बोलताना अडखळते. तिथंच रिजेक्ट करतील का?

गोंदिया_बॅच:
ताईला सांगा मी पण मराठी मीडियमचीच, गडहिंग्लजकडची. लेखी परीक्षेत निम्मा पेपर फिजिक्स-मॅथ्स, उरलेल्यात इंग्लिश, जीके, रिझनिंग. मग व्हॉइस टेस्ट, सायकॉलॉजिकल टेस्ट, मेडिकल, त्यात रंग ओळखता येतात का हे पण बघतात कारण रेडिओ बंद पडला तर टॉवरमधनं हिरवा-लाल दिवा दाखवायचा असतो. इंग्लिशला आंतरराष्ट्रीय नियमानं किमान लेव्हल ४ लागते पण ॲक्सेंट साहेबासारखा पाहिजे असं कुठंच नाही, समोरच्याला स्पष्ट कळलं पाहिजे आणि त्याचं आपल्याला. आकडे सुद्धा वेगळे, थ्रीला ट्री, फाइव्हला फाइफ, नाइनला नाइनर, खरखरीत आवाजात चुकू नयेत म्हणून. ट्रेनिंग प्रयागराज, हैदराबाद नाहीतर आपल्या गोंदियाला. मला गोंदिया मिळालं. सिम्युलेटरवर पहिल्या दिवशी चार विमानं एकदम बोलायला लागली आणि माझा हात थरथरत होता, दोन महिन्यांनी त्याच आवाजांत कोण कुठं आहे ते आपोआप कळायला लागलं.

रिटायर्ड_कंट्रोलर:
बरोबर. आणि ट्रेनिंग झालं म्हणजे लगेच एकटं बसवत नाहीत. पोस्टिंगच्या ठिकाणी शेजारी अनुभवी माणूस बसतो, परीक्षा पास झाल्यावरच माइक आपला. बदली झाली की नव्या ठिकाणचं रेटिंग, म्हणजे तिथं काम करायची पात्रता, परत काढायची.

क्लासचं नंतर बघा. आज रात्रीपासनं घरातल्या कुणीतरी तिला पाच-सहा आकडे आणि एक दिशा एकदाच सांगायची, तिनं लिहीत लिहीत मोठ्यानं परत म्हणायचं. टीव्ही चालू असताना करा.

उजळाईवाडीकर:
बाबांनीच सुरू केलंय. आत्ता आतनं त्यांचा आवाज येतोय, टू फाइव्ह झिरो.