जुन्या घराचे सागवान मुरबाडच्या शेतघरात कसे वापरावे?

प्रश्न (चेंदणी, ठाणे):
नमस्कार. आमचे कौलारू घर पुनर्विकासासाठी उतरवले जाणार आहे. त्यातील सागवानी खांब, तुळया, कडीपाट (कड्या व फळ्यांचे लाकडी छत), घडीव दगडाचे तळखडे (खांबांखाली बसवलेले दगड) आणि मंगलोरी कौले मुरबाडजवळच्या शेतावर घर बांधताना वापरण्याचा विचार आहे. घर आजच्या राहणीचे, मोठ्या खिडक्यांचे हवे. परंतु पहिल्या आराखड्यात हे सारे सामान केवळ शोभेपुरते आले आहे, याचे फार वाईट वाटते. सुरुवात कोठून करावी?

उत्तर (वास्तुरचनाकार, ऐरोली):
तो आराखडा बाजूला ठेवून आधी सामान मोजावे, असे मी आग्रहाने सांगेन. तुळईची टोके भिंतीत पुरलेली असतात आणि ओल धरून बहुधा तेथेच कुजतात; ती टोके कापल्यावर जी निर्दोष लांबी उरेल, तिच्यावरून खोलीची रुंदी ठरवावी. असे केले तरच तुळई पुन्हा भार पेलते, नाहीतर ती छताला अडकवलेली वस्तू होऊन राहते. अर्थात भाराचे गणित संरचना अभियंत्याकडूनच करून घ्यावे. खांब बुटके पडले तर लाकडाला जोड न देता तळखड्याखालची दगडी बैठक उंच करावी. पावसाच्या पाण्यापासूनही लाकूड दूर राहते. मोठ्या खिडक्या खुशाल ठेवा, मात्र त्यांच्यापुढे खोल पडवी हवी, कारण तिकडचा पाऊस तिरका झोडपतो.

उत्तर (सुतारकामाचे कंत्राटदार, डोंबिवली):
घर उतरवण्यापूर्वी प्रत्येक नगावर क्रमांक पटाशीने कोरावा, खडूने लिहिलेला पुसला जातो. हातोडीने ठोकून पोकळ आवाज येणारा भाग वेगळा काढावा आणि खिळे उपटल्याशिवाय लाकूड करवतीला लावू नये. जुन्या तेलरंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नये. नवे लाकूड जोडायचेच असेल तर ते पूर्ण सुकलेले घ्यावे. ओले लाकूड नंतर आकसते आणि सांधे उघडतात.

उत्तर (कळवा):
कौलांविषयी थोडे. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत, त्यामुळे मागचा छाप पाहून एका उतारावर एकाच छापाची कौले घालावीत आणि उतार ३० अंशांच्या आसपास ठेवावा. सागवान ट्रकमध्ये भरण्यापूर्वी वाहतूक परवान्याविषयी वनविभागाच्या कार्यालयात चौकशी अवश्य करावी.