मदत हवी आहे: अधिकाऱ्याचं मत्ता व दायित्व विवरणपत्र माहिती अधिकारात मागितलं, 'वैयक्तिक माहिती' म्हणून नाकारलं

नमस्कार मंडळी,

पहिलं अपील करायला माझ्याकडे ११ दिवस उरलेत, म्हणून आधी प्रश्न विचारते आणि मग हकीकत सांगते.

गट ड सोडून राज्य शासनाच्या प्रत्येक अधिकाऱ्या-कर्मचाऱ्याला दरवर्षी ३१ मार्चची स्थिती दाखवणारं मत्ता व दायित्वाचं विवरणपत्र आपल्या कार्यालयात द्यावं लागतं. हे विवरणपत्र माझ्यासारख्या साध्या माणसाला बघायला मिळू शकतं का? सगळं मिळत नसेल, तर त्यातलं काय मिळू शकतं?

आता हकीकत. आमच्या गावात दोन वर्षांपूर्वी नळपाणी योजनेची टाकी बांधली. पहिल्यांदा पूर्ण भरली त्याच दिवशी खालच्या अंगानं पाझरायला लागली. आता त्या भेगेच्या कडेनं पांढऱ्या क्षाराचा ओघळ उतरलाय, आणि तिथला गिलावा नखानं खरवडला तर वाळू हातात येते. म्हणून टाकी अर्धीच भरतात, तीही आठवड्यातून दोनदा. काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर ज्या उपअभियंत्यांची सही आहे त्यांच्याबद्दल गावात बरंच बोललं जातं. बंगला बांधला, सासरच्या नावावर जमीन घेतली, असं काय काय.

लोकांच्या बोलण्यावरून मला कुणाला चोर ठरवायचं नाही. बोलणं खरं असेल तर ते कागदावर दिसेल. खोटं असेल तर त्या माणसावरचा डाग तरी पुसला जाईल.

मी नऊ वर्षं बचत गटाची सचिव आहे. आमची वही दर महिन्याच्या बैठकीत सगळ्या बायकांसमोर उघडते, आणि शंभर रुपयांचा फरक आला तर हिशोब जुळेपर्यंत कुणी उठत नाही. आम्ही आमच्याच पैशाचा एवढा हिशोब देतो. मग गावाच्या पाण्याच्या पैशावर ज्यांची सही चालते त्यांचा हिशोब कुणालाच का दिसू नये, हे मला खरंच समजत नाही.

जोडपत्र 'अ' भरून, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून मी तीन वर्षांची विवरणपत्रं मागितली. २६व्या दिवशी उत्तर आलं: 'सदर माहिती वैयक्तिक स्वरूपाची असून संबंधित त्रयस्थ व्यक्तीने असहमती दर्शविली असल्याने कलम ८(१)(ञ) अन्वये देता येत नाही.' पत्र एवढंच. अपील कुणाकडे करायचं तेही लिहिलेलं नाही.

आमदार-खासदारांची शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणीही बघतं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचीही मालमत्ता त्यांच्या संकेतस्थळावर आली, ती मी स्वतः उघडून पाहिली. उपअभियंत्याचीच का नाही? अपिलात काय लिहू, कृपया सांगा.

जाणत्या माणसांची वाट बघते.
टाकीखालची

---

दप्तरदार

ताई, मी ३१ वर्षं आस्थापना शाखेत काढली, तेव्हा आतलं सांगतो.

आमच्याकडे ही विवरणपत्रं बंद पाकिटात यायची. पाकिटावर नाव, पदनाम आणि वर्ष. आवक नोंदवहीत तारीख पडायची आणि पाकीट कपाटात जायचं. आतला कागद वाचायची वेळ चौकशी लागली तरच यायची. काही जणांची पाकिटं सलग तीन-चार वर्षं आलेलीच नसायची. आम्ही स्मरणपत्रं काढायचो, तीही फाइलला लागायची.

म्हणून माझा सल्ला असा की पाकीट मागण्याआधी पाकिटाची नोंद मागा. नवीन अर्ज करा: अमुक पदावरील अधिकाऱ्याने अमुक वर्षांची विवरणपत्रे सादर केली काय, कोणत्या तारखेस, आणि सादर केली नसल्यास कार्यालयाने काढलेल्या स्मरणपत्रांच्या प्रती. यात त्यांच्या घरातलं काहीच येत नाही. कार्यालयानं आपलं काम केलं की नाही, एवढंच येतं.

अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवा. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून ती अट आहे, आणि दोन विषय एकत्र दिसले की त्याच अटीवर अर्ज परत येतो.

आणि एक. उपअभियंता राज्यसेवेतला असतो, त्याला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू. जिल्हा परिषदेच्या सेवेतला कनिष्ठ अभियंता असेल तर १९६७ चे जिल्हा सेवा वर्तणूक नियम. अर्जात चुकीचा नियम लिहिलात तर 'माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर यायला निमित्त मिळतं.

---

काळा कोट

दप्तरदारांचा सल्ला कायद्याच्या दृष्टीनंही पक्का आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींबद्दल सुभाषचंद्र अग्रवाल यांनी केलेला मूळ अर्ज असाच होता: मालमत्ता जाहीर केली आहे की नाही, एवढंच विचारलं होतं. घटनापीठानं १३ नोव्हेंबर २०१९ ला तो तपशील देण्याचा आदेश कायम ठेवला, कारण विवरणातला मजकूर कुणी मागितलाच नव्हता. सादर केलं का हा एक प्रश्न आणि आत काय आहे हा दुसरा. दोन्हींसाठी वेगवेगळे अर्ज करा.

आता तुमच्या नकाराबद्दल. वाईट बातमी आधी सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या गिरीश देशपांडे निकालापासून ही वाट अरुंद झाली. प्रकरण आपल्याकडचंच, अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयात काम केलेल्या एका अधिकाऱ्याबद्दलचं. त्याची मालमत्ता, त्याला मिळालेले मेमो, भेटी, सगळं मागितलं होतं. न्यायालयानं ते वैयक्तिक ठरवलं, पण व्यापक जनहित दाखवलं तर देता येईल असं म्हटलं. त्या वेळी ८(१)(ञ) मध्येच मोजमाप होतं: माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, खासगीपणावर नाहक आक्रमण होतं का, जनहित मोठं आहे का. शिवाय जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कुणालाच नाकारता येणार नाही, असं परंतुकही होतं.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम ४४(३) नं हे सगळं काढून टाकलं. नोव्हेंबर २०२५ पासून ८(१)(ञ) मध्ये फक्त 'वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती' एवढंच उरलंय. मोजमाप गेलं, परंतुक गेलं. माझ्या मते माहिती अधिकाराचं आजवरचं सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे.

पण कलम ८(२) शिल्लक आहे. सूट लागू असली तरी, संरक्षित हिताला होणाऱ्या हानीपेक्षा उघड करण्यातलं जनहित मोठं असेल तर प्राधिकरण माहिती देऊ शकतं. तुमचं अपील याच कलमावर उभं राहील. तिथे 'भ्रष्टाचार झाला आहे' असं मोघम लिहू नका. टाकीचे फोटो, पूर्णत्वाचा दाखला, ग्रामसभेत ठराव झाला असेल तर त्याची प्रत, असं एकेक जोडा.

अपिलात हेही मुद्दे घ्या:
कलम ७(८) प्रमाणे नकाराची कारणं, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील पत्रात द्यायलाच हवा होता.
कलम ११ प्रमाणे त्रयस्थाचं म्हणणं विचारात घ्यायचं असतं. त्याची असहमती म्हणजे आपोआप नकार नाही.
कलम १० प्रमाणे द्यायला हरकत नसलेला भाग वेगळा काढून देता येतो. बँक खाते क्रमांक, मुलांची नावं, घरचा पत्ता झाकून बाकीचं द्या, असं तुम्हीच लिहा.
कलम १९(५) प्रमाणे नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी माहिती अधिकाऱ्याची, तुमची नाही.

जोडपत्र 'ब', २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. पहिल्या अपिलाचे ३० दिवस पत्र हातात पडल्यापासून मोजतात, म्हणून पाकिटावरचा टपाल शिक्का जपून ठेवा.

---

एमबी

मी पाणीपुरवठ्याच्या कामांवर होतो. ताई, बंगल्यापेक्षा टाकीच्या मागे लागा, तिथे तुम्हाला कुणी 'वैयक्तिक' म्हणू शकत नाही. मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं नोंदवायची वही), अंदाजपत्रक, देयकांच्या प्रती, काँक्रीट घनांचे चाचणी अहवाल, सगळं मागा. कलम २ मधल्या माहिती अधिकाराच्या व्याख्येत कामाची पाहणी करणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणंही येतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. गिलाव्याची वाळू तुमच्या हातात येते म्हणालात, तर नमुनाच मागा ना. पुस्तिकेत काँक्रीटचं मोजमाप कोणत्या तारखेला घेतलंय आणि त्या तारखेला टाकी किती उंच होती, हे गावातल्या गवंड्याकडून जुळवून घ्या. मी पाहिलेल्या बऱ्याच गफलती तिथेच सापडल्या.

---

माळावरचा

जमिनीबद्दल: खरेदीखताची सूची क्रमांक २, म्हणजे इंडेक्स टू, नोंदणी कायदा १९०८ च्या कलम ५७ नुसार शुल्क भरून कुणालाही बघता येते. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गट नंबरावरून शोधता येते, आणि सातबाराही सर्वांना खुला आहे. माहिती अधिकाराचा अर्जच लागत नाही.

---

सावली

माझी बहीण शासकीय नोकरीत आहे, म्हणून दुसरी बाजू सांगते. विवरणपत्रात जोडीदाराची मालमत्ता, आईवडिलांकडून आलेलं घर, कर्जं, सगळं येतं. ते गावभर फिरलं तर प्रामाणिक माणसालाही त्रास होतो. तिच्या बदलीच्या गावी लोकांनी तिच्या नवऱ्याच्या कर्जावरून टोमणे मारले होते.

आणि ताई, स्वतःची काळजी घ्या. तळेगाव दाभाड्यात जानेवारी २०१० मध्ये सतीश शेट्टींची हत्या झाली, ते माहिती अधिकाराचेच कार्यकर्ते होते. एकटीनं अर्ज करू नका.

---

टाकीखालची

सावलीताई, तुमचं म्हणणं मला मनापासून पटलं. कर्जाची लाज काय असते ते मी गटात रोज बघते. मला कुणाच्या नवऱ्याचं कर्ज नको आहे. अधिकारी त्या पदावर आला तेव्हा काय होतं आणि आता काय आहे, यात जमीन-घर एवढं दिसलं तरी मला पुरे. बाकी झाकून द्या, असं अपिलात स्पष्ट लिहीन.

पण पूर्ण बंद पाकीट मला मान्य नाही. बिहारमध्ये अधिकाऱ्यांच्या मालमत्तेचा तपशील सरकार कित्येक वर्षं संकेतस्थळावर टाकतं. भारतीय प्रशासन सेवेतल्या अधिकाऱ्यांची स्थावर मालमत्तेची विवरणंही केंद्राच्या कार्मिक विभागाच्या संकेतस्थळावर येत आली आहेत. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांचं बघता येतं, आणि त्यांच्याच जिल्ह्यातल्या उपअभियंत्यांचं कपाटात राहतं.

माळावरचे दादा, इंडेक्स टूला गट नंबर लागतो, आणि आमच्याकडे तर फक्त 'म्हणे' आहे. दुसऱ्याच्या घराभोवती गट नंबर शोधत फिरणं मला बरं वाटत नाही. विवरणपत्र मागितलं ते त्याचसाठी.

सुरक्षेबद्दल आणखी कुणी सांगेल का? आमचं घर रस्त्यालगत आहे आणि अर्जावर पूर्ण पत्ता लिहिलाय.

---

काळा कोट

पत्त्याबद्दल: कोलकाता उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०१३ मध्ये म्हटलंय की अर्जदारानं पोस्ट बॉक्स क्रमांक दिला तरी चालतं, घरचा पत्ता द्यायची सक्ती नको. केंद्रानं ते पुढे कळवलंही आहे. पुढच्या अर्जांना तसं करा. आणखी चांगलं म्हणजे टाकीच्या कामाचे अर्ज गटातल्या चार-पाच जणींनी वेगवेगळ्या नावांनी एकाच दिवशी टाकावेत. एकाच नावावर सगळा भार ठेवू नका.

गावात जे बोललं जातं त्यात तथ्य आहे असं पुढे कागदांवरून दिसलं, तर उत्पन्नापेक्षा जास्त मालमत्तेची तक्रार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे होते, १०६४ वर. ती पाकिटं फोडायचा अधिकार त्यांना आहे.

---

टाकीखालची

काल रात्री गटाच्या बैठकीत हा सगळा धागा मोठ्यानं वाचून दाखवला. वही मिटल्यावर कुणी उठलं नाही. पाच जणींनी सह्या केल्या.

आज तालुक्याला जाऊन अपील दिलं. ८(२) वर भर दिला, फोटो चार जोडले, आणि कुटुंबाचा व बँकेचा तपशील झाकून द्यावा असं वेगळ्या परिच्छेदात लिहिलं. दप्तरदार काका, तुम्ही सांगितलेला नोंदीचा अर्ज वेगळा दिला, १२४ शब्दांत बसला. मोजमाप पुस्तिकेचा अर्ज आमच्या गटाच्या अध्यक्षांच्या नावानं, आणि नमुन्याचा तिसऱ्या एकीच्या.

आवक खिडकीवरच्या बाईंनी अपिलावर आणि तिन्ही अर्जांच्या प्रतींवर शिक्के मारले. नोंदीचा अर्ज वाचून त्या थांबल्या, मग म्हणाल्या, "हे असं कुणी विचारलं नव्हतं." पोच घेऊन आले आहे. अपिलाच्या सुनावणीची नोटीस आली की इथेच लिहीन. तोवर एमबी दादांना एक विचारायचंय: नमुना घ्यायला बोलावलं तर गवंडी सोबत नेता येतो का, की अर्जदारानंच एकटं जायचं?