जुन्नरची लेणी : पाहायचे काय आणि कसे

(ठाणे, घोडबंदर रस्त्यावरील एका सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा)

बी-६०३ : सर्वांना नमस्कार. आम्ही सहा मित्र शनिवार-रविवार जुन्नरची लेणी पाहून आलो. फोटो रात्री टाकतो, पण फोटोत जे दिसत नाही ते आधी लिहावेसे वाटते. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. लेणी म्हटली की आपण मूर्ती शोधू लागतो आणि इथे त्या फारशा नाहीत, म्हणून बरेच जण लेण्याद्रीच्या गिरिजात्मज गणपतीचे दर्शन घेऊन लगेच पायऱ्या उतरतात. वास्तविक ही बौद्ध भिक्खूंची राहती घरे होती. गिरिजात्मजाचे स्थान ज्या सातव्या लेण्यात आहे, तिथे एकही खांब नसलेल्या प्रशस्त दालनाच्या दोन्ही बाजूंना सात-सात आणि मागे सहा अशा वीस खोल्या आहेत. दुसऱ्या एका विहारातील (भिक्खूंच्या निवासाच्या लेण्यातील) खोलीत मी दगडी कट्ट्यावर दहा मिनिटे शांत बसलो. दाराच्या उंबऱ्यात आणि वरच्या कडेला लाकडी चौकट बसवण्यासाठी कोरलेल्या खाचा हाताला लागल्या, तेव्हा इथे रोज रात्री कोणीतरी दार लावून झोपत असे हे एकदम जाणवले.

डी-१०१ : बाळा, मी अष्टविनायकाच्या यात्रेत दोन वेळा तिथे गेले, पण त्या खोल्यांकडे कधी लक्षच गेले नाही. इतक्या उंचावर एवढी माणसे राहत, तर पाण्याचे काय करीत असतील?

बी-६०३ : आजी, मला सगळ्यात जास्त सांगायचे आहे ते नेमके हेच. जवळजवळ प्रत्येक लेणीसमूहाजवळ कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे आणि ती कोणी दिली हेही कोरून ठेवले आहे. शिवनेरीवरील एका लेखात इरिल नावाच्या यवनाने (म्हणजे त्या काळच्या ग्रीक किंवा पश्चिमेकडील परदेशीयाने) दोन पोढी दिल्याची नोंद आहे, तर चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने भिक्खुसंघासाठी भोजनमंडप दिला. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने (संघटनेने) सात खोल्यांचे लेणे आणि सोबत एक पोढी दिली. मानमोडीच्या डोंगरात क्षत्रप (शक राजा) नहपानाचा अमात्य म्हणजे मंत्री अयम याचा ‘वर्ष ४६’ असे कोरलेला लेख आहे, त्यातही पोढी आहेच. एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहत बसणाऱ्या आपल्यासारख्यांना, घर देणाऱ्याने पाणीही दिलेच पाहिजे ही त्या लोकांची समज फार मोलाची वाटावी.

ए-११०४ : मी स्थापत्य अभियंता म्हणून निवृत्त झालो आहे, त्यामुळे थोडी भर घालतो. अशा टाक्यांचे तोंड लहान ठेवून आतून कातळ रुंद पोखरलेला असतो. तोंड लहान असल्याने उन्हाने पाणी कमी आटते आणि कचराही कमी पडतो. आपला बेसॉल्ट अखंड असेल तिथे पाणी फारसे झिरपत नाही, मात्र भेग लागली तर सगळी मेहनत वाया जाते. त्यामुळे जागा निवडणाऱ्याला दगडाची उत्तम पारख असली पाहिजे.

सी-३०२ : काका, माहितीबद्दल आभार. परंतु लहान मुलांना घेऊन माळशेज घाटातून एवढ्या लांब जाण्यापेक्षा कान्हेरी जवळ नाही का? तिथेही शंभराहून अधिक लेणी आणि भरपूर टाकी आहेत, शिवाय तिथल्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचा उल्लेख असल्याने ती आपल्या जिल्ह्याशी जोडलेली वाटतात.

बी-६०३ : ताई, कान्हेरी अवश्य पाहावी आणि मुलांसाठी सुरुवात तिथूनच करावी. जुन्नर मात्र वेगळ्या कारणासाठी पाहायचे. कल्याणहून मुरबाडमार्गे घाटमाथ्यावर जुन्नरकडे जाणारा जुना व्यापारी रस्ता म्हणजे नाणेघाट, आणि त्याच्या तोंडाशी सातवाहनांचे लेणे आहे. भिंतीवर राणी नागनिकेचा यज्ञ आणि दानांची जंत्री असलेला मोठा लेख आहे. राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमांपैकी आता पायांचे अवशेष तेवढे उरले आहेत, वर नावे मात्र आहेत. त्या लेखातील आकडे मला मित्राने बोट दाखवून समजावले. तेव्हा शून्य वापरून स्थानमूल्याने संख्या लिहिण्याची रीत नसल्याने दहा, शंभर आणि हजार यांना वेगवेगळी चिन्हे आहेत. दुसऱ्या दिवशी आम्ही तुळजा लेणी पाहिली, जिथे स्तूपाभोवती बारा अष्टकोनी खांबांचे गोल चैत्यगृह (प्रार्थनेचे दालन) आहे. असा गोल आराखडा आपल्याकडे फार क्वचित आढळतो, म्हणून वेळ कमी असला तरी तुळजा टाळू नये अशी माझी विनंती आहे.

एका गोष्टीचे मात्र फार वाईट वाटले. एका खोलीत ब्राह्मी लेखापासून वीतभर अंतरावर कोणीतरी खिळ्याने नावे कोरली होती आणि दोन टाक्यांत पाण्याच्या रिकाम्या बाटल्या तरंगत होत्या. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यानुसार संरक्षित स्मारकाची अशी नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. आपल्या सोसायटीतून जे कोणी जातील त्यांनी मुलांना हे घरीच सांगून न्यावे.

सी-३०२ : पटले. मग पावसाळा संपल्यावर जाऊ, म्हणजे घाटात दरडींचे भय राहणार नाही आणि टाक्याही भरलेल्या पाहता येतील.

डी-१०१ : माझे गुडघे आता पायऱ्या चढू देत नाहीत. पण त्या वीस खोल्या एकदा पाहायच्या आहेत.

बी-६०३ : आजी, लेण्याद्रीला पायथ्याशी डोलीवाले असतात. ऑक्टोबरमधील एखादा रविवार ठरवू आणि पहाटे पाचला निघू, म्हणजे ऊन चढण्याआधी तुम्ही वर पोहोचलेल्या असाल. तुमची जागा माझ्या गाडीत पुढची.