पगारातून पीएफ कापला पण भरलाच नाही. जुलैत ५८ पूर्ण होतात, पेन्शन बसेल का?

फेटलिंगवाला (९ मार्च २०२४)

नमस्कार मंडळी. मोबाईलवर टाइप करतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका फौंड्रीत फेटलिंगला आहे. साच्यातून निघालेल्या कास्टिंगचे रनर-रायझर, म्हणजे जास्तीचे धातूचे तुकडे, तोडायचे आणि कडा ग्राइंडरनं घासून साफ करायच्या, हे आमचं काम. दिवसभर ग्राइंडर धरून रात्री घरी गेलो की आमटीची वाटी दोन्ही हातांनी धरावी लागते, इतकी बोटं थरथरत असतात. ते असो.

जानेवारीत पोरानं सरकारी उमंग ॲपवरून पीएफचं पासबुक काढून दिलं. शेवटची नोंद डिसेंबर २०२२ ची. त्यानंतर कोरं. आणि माझ्या पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला १,६८० रुपये पीएफ कापलेला आहे. बेसिक आणि डीए मिळून १४,००० आहे. म्हणजे १३ महिने माझेच पैसे माझ्या पगारातून घेतले आणि ठेवून घेतले.

मालकांना विचारलं तर म्हणाले, "ऑर्डरी नाहीत, मार्चनंतर एकदम भरतो. पळून चाललोय काय मी?" अकाउंटवाला वेगळंच सांगतो. म्हणे आता माणसं १७ राहिलीत, २० च्या खाली गेलं की पीएफ लागूच होत नाही.

पैशाचं एक वेळ बघून घेता येईल. माझी खरी धास्ती पेन्शनची आहे. २० जुलैला मला ५८ पूर्ण होतात. माझा पीएफ १ ऑक्टोबर २०१४ ला सुरू झाला. तसा मी एप्रिल २०११ पासून तिथंच आहे, पण पहिली साडेतीन वर्षं ठेकेदाराच्या नावावर, व्हाउचरवर पगार. पासबुकाप्रमाणे मोजलं तर ८ वर्षं ३ महिनेच भरतात. पेन्शनला १० वर्षं लागतात म्हणे. मग माझी पेन्शन गेली का? तक्रार केली तर शेवटच्या चार महिन्यांत घरी बसवतील ही भीती आहेच. काय करावं सांगा.

चलनबहाद्दर (९ मार्च २०२४)

मामा, आधी पाणी प्या. पेन्शन गेलेली नाही.

मी २२ वर्षं पीएफ कन्सल्टंटकडे काढली, चलनं भरण्यात डोळे गेले. तुमच्या अकाउंटवाल्यानं जे सांगितलं ते साफ खोटं आहे. १९५२ चा पीएफ कायदा एकदा आस्थापनेला लागू झाला की नंतर माणसं १७ होऊ देत नाहीतर ७, तो लागूच राहतो. कलम १(५) मध्ये हे सरळ लिहिलंय. त्याला म्हणावं, वाच.

आता पेन्शन. ईपीएस १९९५ मध्ये, म्हणजे पीएफच्या पेन्शन योजनेत, सेवा मोजताना शब्द असे आहेत की ज्या काळाची वर्गणी फंडात आली आहे "किंवा येणे आहे" तो काळ धरायचा. 'येणे आहे' हे दोन शब्द तुमच्यासाठीच आहेत. मालकानं भरलं नाही म्हणून तुमची सेवा पुसली जात नाही. फक्त ऑफिसच्या रेकॉर्डला ती दिसत नाही. ती दिसायला लावणं एवढंच तुमचं काम.

ऑक्टोबर २०१४ ते जुलै २०२४ होतात ९ वर्षं ९ महिने आणि वर काही दिवस. सहा महिने किंवा जास्त असतील तर पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे १० झाली. पण एक बघा. लॉकडाऊनमध्ये एप्रिल-मे २०२० ला पगार मिळाला होता का? नसेल तर ते दिवस एनसीपी म्हणून, म्हणजे बिनपगारी म्हणून वजा होतात. मेंबर पोर्टलवर 'सर्व्हिस हिस्ट्री'त एनसीपीचा आकडा दिसतो. ६१ दिवस वजा गेले तरी ९ वर्षं साडेसात महिने राहतात. चालून जातंय, पण फार शिल्लक नाही. म्हणून हे १३ महिने सोडायचे नाहीत.

दुसरं, ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ ऑफिसच्या, साइटवर एस्टॅब्लिशमेंट सर्चमध्ये कंपनीचं नाव टाका आणि पेमेंट डिटेल्स उघडा. कोणत्या महिन्याचं चलन भरलं, किती रकमेचं, किती माणसांचं, सगळं दिसतं. माणसांच्या आकड्यावर क्लिक केलं की नावंही येतात. बघून इथं लिहा.

शाहूपुरी अकाउंट्स (१० मार्च २०२४)

मी त्या दुसऱ्या बाजूच्या खुर्चीत बसतो, म्हणून थोडं कडू लिहितो. शिव्या घालू नका.

कारखान्याला पैसा कमी पडला की आधी काय थकतं? बँकेचा हप्ता थकवला तर बँक फोन करते. महावितरण लाईन तोडते. स्क्रॅपवाला गेटवर येऊन बसतो. पीएफ मात्र गप्प असतो. कामगार पासबुक बघत नाही तोवर कुणी ओरडत नाही, म्हणून पहिला हात तिथंच जातो. मी मालकांना दरवेळी सांगतो, मालकाच्या हिश्शाचं सोडा, पण माणसाच्या पगारातून कापलेलं ठेवून घेऊ नका. भारतीय दंड संहितेच्या (३० जून २०२४ पर्यंत तीच लागू, मग भारतीय न्याय संहिता) कलम ४०५ च्या स्पष्टीकरणातच आहे, कापलेली वर्गणी मालकाकडे विश्वासानं ठेवलेली रक्कम समजायची, ती भरली नाही तर तो विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा. ४०६ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा. 'ऑर्डरी नाहीत' हे उत्तर तिथं चालत नाही.

आणि हिशोब सांगतो. तुमचे १,६८०, त्यांचे १,६८०. त्यांच्या हिश्शातले १,१६६ पेन्शनला जातात, ५१४ पीएफला. १३ महिन्यांचे दोन्ही मिळून ४३,६८०. त्यावर पीएफ कायद्याच्या कलम ७क्यू चं १२ टक्के व्याज आणि १४बी ची नुकसानभरपाई मालकाच्या खिशातून. ती तुमच्या पगारातून वळती करायची नाही. शिवाय "मागचं थकलेलं आता तुमच्याकडून पुन्हा कापू" असं कुणी म्हणालं तर सही करू नका. एकदा कापलंय, चिठ्ठी आहे.

पगाराच्या सगळ्या चिठ्ठ्यांचे आजच फोटो काढून पोराच्या मोबाईलवर पाठवा. का ते विचारू नका.

इचलकरंजीची लेक (१० मार्च २०२४)

काका, एकच सांगते. कुणी म्हणेल की "दहा वर्षं भरत नाहीत, १०सी फॉर्म भरून पेन्शनचे पैसे उचला आणि मोकळे व्हा," तर अजिबात भरू नका.

आमचे बाबा सायझिंगमध्ये, सुताला खळ द्यायच्या कारखान्यात, होते. त्यांना असंच कुणीतरी फॉर्म भरून दिला, एकरकमी पैसे आले, त्यातून घराचे पत्रे बदलले. नंतर कळलं, मध्ये कंपनी बदलताना जुन्या खात्यातली सेवा जोडलीच नव्हती. ती जोडली असती तर दहा वर्षं सहज भरत होती. पण पैसे उचलले की ती सेवा संपली, परत जोडता येत नाही. पत्रे अजून आहेत. पेन्शन नाही. पेन्शनचा फॉर्म १०डी असतो. १०सी आणि १०डी, अक्षराचाच फरक, म्हणून बाबा फसले.

तुमची आधीची कुठली नोकरी आहे का, तेही आठवा.

फेटलिंगवाला (१२ मार्च २०२४)

सगळ्यांचे आभार. २०११ च्या आधी शेतात होतो, त्यामुळं जुनं खातं नाही. लॉकडाऊनचे ५४ दिवस एनसीपी दाखवतंय.

चलनं बघितली. मला वाटलेलं कुणाचंच भरलं नसेल. तसं नाही हो. २०२३ च्या प्रत्येक महिन्याचं चलन भरलंय, ११ जणांचं. नावं उघडली तर सगळी ऑफिसची. मालकांचा भाचा, अकाउंटवाला, डिस्पॅचची पोरं. फेटलिंग, मोल्डिंग, भट्टी, कुणाचंच नाव नाही. ११ ते आणि आम्ही शॉपवर २३. मग १७ कुठून आले ते त्यांनाच ठाऊक. जेवणाच्या सुट्टीत मोबाईल सगळ्यांच्या हातातून फिरला. कोअर शॉपचा म्हातारा काही बोलला नाही, डबा तसाच बंद केला.

चलनबहाद्दर (१२ मार्च २०२४)

मग आता एकट्यानं जायचं नाही. २३ पैकी निदान आठ-दहा जणांच्या सह्यांचा अर्ज करा. एकट्या माणसाला घरी बसवणं सोपं, अख्ख्या शॉपला बसवलं तर भट्टी कोण ओतणार? तरीही कुणाला काढलंच तर कामगार आयुक्तांकडे वाद नेता येतो.

दर महिन्याच्या २७ तारखेला पीएफ ऑफिसचं 'निधी आपके निकट' शिबिर असतं, तिथं अर्ज द्या, पोहोच घ्या. ईपीएफआयजीएमएस या पीएफच्या पोर्टलवरही तक्रार टाका, नोंदणी क्रमांक येतो. अर्जात शब्द लिहा: 'कलम ७ए खाली चौकशी करावी.' त्या चौकशीत अधिकाऱ्याला दिवाणी कोर्टासारखे अधिकार असतात, मस्टर, पगारपत्रक, बँक खाती मागवू शकतो. रक्कम ठरली आणि तरी भरली नाही तर कंपनीचं बँक खातं जप्त करता येतं.

आणि मामा, तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये एक वाक्य सहज टाकून पुढं गेलात. एप्रिल २०११ पासून ठेकेदाराच्या नावावर. मला तेच सगळ्यात मोठं वाटतंय. ठेकेदाराचा माणूसही कायद्यानं कर्मचारीच, आणि जबाबदारी मूळ कंपनीवर येते. पीएफ कामावर लागल्या दिवसापासून. तेव्हा पगार किती होता? पीएफ सक्तीचा असायची पगाराची मर्यादा तेव्हा ६,५०० होती, म्हणून विचारतो.

फेटलिंगवाला (१३ मार्च २०२४)

५,२०० होता. सप्टेंबर २०१४ ला मर्यादा १५,००० झाली, तेव्हा मालक म्हणाले आता सगळ्यांना घ्यावं लागतंय, आणि ऑक्टोबरला आम्हाला घेतलं. आम्हाला वाटलं उपकार केले.

चलनबहाद्दर (१३ मार्च २०२४)

५,२०० म्हणजे तेव्हाही बसत होतात. ती साडेतीन वर्षं धरली तर जुलैपर्यंत १३ वर्षं ३ महिने. पगाराची सरासरी १४,००० धरू: १० वर्षांची पेन्शन १४,००० गुणिले १०, भागिले ७०, म्हणजे २,०००. १३ वर्षांची त्याहून जास्त, पण सप्टेंबर २०१४ आधीच्या वर्षांना पगार ६,५०० पर्यंतच धरतात, म्हणून साधारण २,२८०. पण त्याला पुरावा लागेल. व्हाउचरची प्रत, गेटपास, ओळखपत्र, काहीही.

फेटलिंगवाला (२८ मार्च २०२४)

काल नऊ जण जाऊन आलो. अर्ज घेतला, शिक्का मारून पोहोच दिली. संध्याकाळी मालकांनी बोलावलं, चहा पाजला. म्हणाले सहा महिन्यांचं लगेच भरतो, बाकीचं दिवाळीपर्यंत, तेवढा अर्ज मागं घ्या. म्हटलं, दिवाळीपर्यंत मला ५८ पूर्ण होऊन जातील. भाचा म्हणाला, "दोन हजाराच्या पेन्शनसाठी एवढं?" मी उठलो. दोन हजारात आमचं गॅस सिलिंडर आणि लाईट बिल भागतं, ते त्याला कुठं ठाऊक. कारभारणीलाही माझ्या मागं त्यातली निम्मी मिळेल म्हणतात.

२०११ चा पुरावा म्हणून गेटपास नाही, व्हाउचर कधी हातात दिलंच नाही. पण ट्रंकेत माझ्या खिशातल्या डायऱ्या सापडल्या, २०११ पासून चार. रोज किती नग घासले आणि किती तास ओव्हरटाइम, ते लिहायचो, नाहीतर हप्त्याला ठेकेदार कमी मोजायचा. शनिवारी सुपरवायझरची सही घ्यायचो. तेल आणि लोखंडाच्या भुकटीनं पानं एकमेकांना चिकटलीत, पण सह्या दिसतात. याची झेरॉक्स चालेल का? सगळ्या पानांची काढायची म्हटली तर हजारावर जातील.

शाहूपुरी अकाउंट्स (२८ मार्च २०२४)

चालेल. सगळी पानं नकोत. सही असलेली शनिवारची पानं काढा आणि प्रत्येक डायरीचं पहिलं पान. तो सुपरवायझर अजून कोल्हापुरात असेल तर त्याला आधी भेटा. आणि मूळ डायऱ्या कुणाच्याही हातात देऊ नका, अधिकाऱ्यानं मागितल्या तरी समोर बसून दाखवा आणि परत घरी आणा.