मायकवर 'तेरवु' म्हणाले, मी 'तेरवा' समजले. पुढच्या सत्राआधी काय करता येईल?

चंदगडची_लेक

नमस्कार. मी चंदगड तालुक्यातली. बेळगावात एमएस्सी वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे आणि मुलींच्या हॉस्टेलात राहते. कुठलं हॉस्टेल ते लिहीत नाही, कारण मला कुणाची तक्रार करायची नाही. सल्ला हवा आहे.

सत्र संपताना आमच्याकडे मेसमध्ये रात्रीच्या जेवणाला मायकवर सूचना सांगतात. त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी ऑफिसबाहेरच्या फळ्यावर कागद लागतो. दोन्ही कन्नडमध्ये. मला कन्नड बोललेलं थोडं कळतं, वाचता येत नाही. आमच्या तालुक्यात शाळेत कन्नड नसतं. शिनोळीपर्यंत महाराष्ट्र, पुढे बाचीपासून कर्नाटक. घरापासून हॉस्टेल लांब नाही, पण फळ्यावरची लिपी बदलते.

१६ तारखेला, मंगळवारी रात्री जेवताना सूचना झाली. भात-सारू वाढणं चालू, ताटांचा आवाज, पत्र्यावर पाऊस. त्यातून माझ्या कानावर पडलं ते असं: "एल्ला विद्यार्थिनियरु... कोठडि तेरवु माडबेकु." कोठडि म्हणजे खोली, माडबेकु म्हणजे करायला पाहिजे, एवढं मला येतं. मधला शब्द मी 'तेरवा' असा ऐकला. आमच्या घरी उद्या, परवा, तेरवा असंच मोजतात. मंगळवारचा तेरवा म्हणजे शुक्रवार. माझा जीव भांड्यात पडला की अजून तीन दिवस आहेत.

तारीख सांगितली होती. "हदिनेंटने तारीखु" असं म्हणाले होते. मला कन्नड आकडे दहापर्यंतच यायचे, कंडक्टरच्या तोंडून ऐकून ऐकून शिकलेले. हदिनेंटु म्हणजे अठरा हे आता जन्मात विसरणार नाही. आणि 'तेरवु' म्हणजे रिकामं करणं. गुरुवारी १८ तारखेला दुपारी १२ च्या आत खोल्या रिकाम्या करायच्या होत्या.

एवढंच असतं तर मी इथे लिहिलं नसतं. माझ्या मजल्यावर बीएस्सी पहिल्या वर्षाच्या दोन मुली आहेत, दोघी चंदगडकडच्याच. त्यांनी मला विचारलं, "ताई, काय म्हणाले?" मी ठामपणे सांगितलं, शुक्रवार. माझी खोलीतली मैत्रीण अथणीची. ती असती तर तिने लगेच सांगितलं असतं, पण तिचे पेपर आधीच संपले होते आणि ती सोमवारी गेली होती. फळ्यापाशी जाऊन कुणाला तरी कागद वाचायला लावणं मला जमलं असतं. ऐकून कळलंय असं वाटल्यामुळे मी गेलेच नाही.

गुरुवारी सकाळी आम्ही तिघी गणपत गल्लीत गेलो. घरच्यांसाठी कुंदा घ्यायचा होता, एकीला भावासाठी चप्पल. परत आलो तेव्हा दोन वाजले होते. आमचं सामान व्हरांड्यात काढून ठेवलेलं आणि खोल्यांना ऑफिसची कुलपं. व्हरांड्याच्या त्या बाजूला पाऊस आत येतो. माझी ट्रंक पत्र्याची, तिला काही झालं नाही. त्या दोघींतल्या लहानीची वाकळ मात्र उघडी होती. तिच्या आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली, मधोमध एक लाल तुकडा. ती भिजली आणि त्या लालाचा रंग उतरून खालच्या वनस्पती-संग्रहाच्या फाईलवर गेला. तिने जांबोटीच्या बाजूला जाऊन गोळा केलेली झाडं होती ती, रद्दीत दाबून, रोज कागद बदलून वाळवलेली, कागदावर दोऱ्याने टाचलेली. करवंदाच्या फांदीचा कागद सगळा गुलाबी झाला.

आणखी नुकसान टळलं ते मेसमधल्या अक्कांमुळे. त्यांनी स्वतःच्या घरी न्यायला ठेवलेला प्लास्टिकचा कागद आणून बाकीच्या सामानावर टाकला होता. मराठीचा एक शब्द त्यांना येत नाही. आम्ही दिसल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "मळे, मळे." पाऊस.

लहानी माझ्यावर चिडली नाही. "ताई, मी जातो गं, गाडी चुकंल," म्हणाली आणि ओली वाकळ पिशवीत कोंबून गेली. ते मला जास्त लागलं.

वर आमच्या तिघींच्या डिपॉझिटमधून वेळेत खोली सोडली नाही म्हणून प्रत्येकी ५०० रुपये कापणार आहेत. माझे कापले तर माझी हरकत नाही. त्या दोघींनी माझ्यावर विश्वास ठेवला, त्यांचे का जावेत?

मला विचारायचंय ते हे. सूचना मराठीतही लावा असं वॉर्डनबाईंना सांगायचं आहे, पण बेळगावात हे वाक्य बोललं की पुढचा माणूस लगेच सीमाप्रश्नावर जातो. मला मोर्चा काढायचा नाही. पुढच्या जूनमध्ये कुणाची वाकळ भिजू नये एवढंच हवंय. कसं सांगू? आणि दंडाचं काही होईल का?

निपाणीकर_दादा

बाई, तू जे लिहिलंस ते आम्ही सगळ्यांनी भोगलंय. मी धारवाडला कर्नाटक विद्यापीठात शिकलो. आमच्या वेळी बेळगाव जिल्ह्यातल्या पोरांना एम. ए.ला तिकडेच जावं लागायचं किंवा धारवाडच्याच इथल्या केंद्रात. बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० मधलं.

एक साधी गोष्ट माग, मराठीच्याही आधी. सूचनेत तारखेबरोबर वार लिहायला आणि बोलायला सांग. सोमवार ते शनिवार दोन्ही भाषांत तेच आहेत. रविवारला ते भानुवार म्हणतात, पण आपल्या भागात रविवारही चालतं. मायकवर "गुरुवार" एवढं म्हटलं असतं तर तू फसली नसतीस. ह्याला कोणी नाही म्हणणार नाही, कारण ह्यात कुणाची भाषा कमी होत नाही.

सातवी_घटनादुरुस्ती

कायद्याची बाजू माहीत असू द्या. घटनेच्या कलम ३५० प्रमाणे कुठल्याही गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्राच्या किंवा राज्याच्या अधिकाऱ्याकडे त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो. म्हणजे तुमचा अर्ज मराठीत असला म्हणून परत करता येत नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ आणि ३५०-ब ही कलमं आली. ३५०-ब मध्ये भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी आहे. हे सगळं अर्जात लिहावंच असं नाही, पण पाठीशी असावं.

शहापूरचे_काका

कायदा पहिल्या दिवशी टेबलावर ठेवू नकोस, पोरी. मी एका सरकारी कॉलेजच्या हॉस्टेल ऑफिसात कारकून म्हणून अख्खी नोकरी काढली, आता निवृत्त आहे. शहापुरात घरी मराठी, ऑफिसात कन्नड. आतून हे कसं चालतं ते सांगतो.

सूचनेचा मजकूर वॉर्डन तोंडी सांगतात. कारकून जुनी फाईल काढून गेल्या वर्षीचाच कागद समोर ठेवतो, तारीख बदलतो, जावक क्रमांक घालतो, सही घेतो आणि शिपाई तो चिकटवतो. मायकवर त्या रात्री ड्यूटीला जो असेल तो वाचतो. मराठी नको असं ह्यात कुणीच ठरवलेलं नसतं. गेल्या वर्षी नव्हतं म्हणून यंदा नाही. म्हणून तू भांडायला जाऊ नकोस, तयार कागद घेऊन जा. मराठी मजकूर स्वच्छ अक्षरात लिहून ने आणि म्हण, "बाई, तुमच्या सूचनेशेजारी हा लावू का? मजकूर तपासून सही करा." सहीचा हट्ट धर. बिनसहीचा कागद दुसऱ्या दिवशी शिपाई फाडून टाकतो आणि त्यात त्याची चूक नसते.

खोल्या रिकाम्या करायची घाई का असते तेही समजून घे. सुट्टीत निम्मे कर्मचारी रजेवर जातात, गाद्या उन्हात घालायच्या असतात (आपल्याकडे जूनमध्ये ऊन कुठलं, पण नियम नियम असतो), रंगरंगोटी, टाक्या धुणं, कधी दुसऱ्या परीक्षेला आलेल्यांना खोल्या द्यायच्या असतात. पण मालकीण हजर नसताना सामान बाहेर काढायचं तर दोन माणसांसमोर यादी करून कोरड्या खोलीत ठेवायचं असतं. आम्ही तसंच करायचो. हे वॉर्डनना नम्रपणे सांग.

दंडाचं बोलायचं तर डिपॉझिटचा हिशेब लगेच होत नाही. मेसचा आकडा आधी यावा लागतो. महिन्याचा सगळा खर्च भागिले सगळ्यांचे मिळून जेवणाचे दिवस, असा दिवसाचा दर निघतो आणि मग प्रत्येकीची बाकी. हिशेबावर सही होण्याआधी अर्ज पोचला तर दंड माफ करणं वॉर्डनना सोपं जातं. नंतर तो रोखपालाच्या वहीत चढतो आणि सगळ्यांचेच हात बांधले जातात. म्हणून आजच लिही. तिघींचे अर्ज वेगवेगळे असू देत. तुझ्या अर्जात स्पष्ट लिही की त्या दोघींना तारीख मी चुकीची सांगितली.

आणि आणखी एक विचारतो. निघताना रजिस्टरमध्ये तारीख घालून सही केलीत का तिघींनी? गडबडीत निघालेल्या पोरी ते विसरतात आणि मेसचे दिवस पुढे चालू राहतात. ५०० च्या दंडापेक्षा ते महाग पडतं.

खानापूरची

मला थोडं वेगळं म्हणायचंय, राग मानू नकोस. मी खानापूर तालुक्यातली, मराठी शाळेत शिकले, पण कन्नड विषय होता म्हणून वाचता येतं. बेळगावात दोन वर्षं काढायची तर लिपी शिकून घे. महिनाभर रोज बसच्या पाट्या वाचल्यास की येते. मराठी सूचना मागणं बरोबरच आहे, पण रात्री अकराला कुणी फळ्यावर कागद लावला तर तुझा तुलाच तो वाचता आला पाहिजे.

आणि खरी फसगत अनोळखी शब्दांत होत नाही, ओळखीच्या शब्दांत होते. 'बाकि पावति माडि' लिहिलेलं असतं. आपण समजतो पावती घ्या. कन्नडमध्ये पावति म्हणजे पैसे भरणं. आपल्या पावतीला ते रशीदि म्हणतात. 'ठेवणि' म्हणजे डिपॉझिट, तो शब्द आपल्या ठेवीसारखाच आहे. 'खालि माडि' म्हणजे रिकामं करा, माझी मैत्रीण सामान घेऊन खाली अंगणात येऊन उभी राहिली होती. 'अवसर' म्हणजे घाई. 'बीग' म्हणजे कुलूप, 'बीगद कै' किल्ली. हे शब्द एका कागदावर लिहून मेसच्या दाराशी लाव. कन्नड पोरींनाही उलटं उपयोगी पडेल.

चंदगडची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. राग कसला, खानापूरची म्हणते ते खरंच आहे. अथणीच्या मैत्रिणीला फोनवर सांगितलं तर ती रडायलाच लागली, म्हणाली मी दोन दिवस थांबायला हवं होतं. आता ती रोज रात्री मला पाच शब्द लिहून पाठवते आणि मी ते वहीत उतरवून फोटो धाडते. क आणि त आले. ळ अजून येत नाही.

काका, तुम्ही विचारलंत म्हणून दोघींना फोन केला. लहानीने सही केलीच नव्हती! दुसऱ्या दिवशी एसटी पकडून मी स्वतः ऑफिसात गेले. अर्ज मराठीत लिहिला होता, त्याखाली मैत्रिणीने कळवलेला कन्नड मजकूर एका सीनियर ताईकडून लिहून घेतला. वॉर्डनबाईंनी आधी कन्नड वाचला, मग मराठीवरून बोट फिरवत 'तेरवा' कुठे लिहिलाय ते विचारलं. मी उद्या-परवा-तेरवा मोजून दाखवलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग शिपायाला बोलावून विचारलं की सामान त्या बाजूला का ठेवलं.

दोघींचा दंड माफ झाला. माझ्या अर्जावर 'चर्चा करू' असा शेरा आहे, राहू दे. लहानीची निघाल्याची तारीख रजिस्टरमध्ये घातली, अक्कांनी साक्ष दिली की ती गुरुवारीच गेली. पुढच्या सत्रापासून सूचनेत वार लिहिणार आणि शेजारी मराठी कागदाला जागा देणार, मजकूर मी लिहायचा, सही त्यांची. तो आताच लिहून दिला, काही चुकत असेल तर सांगा:

"सर्व विद्यार्थिनींनी (वार, तारीख) रोजी दुपारी १२ वाजण्याच्या आत खोली रिकामी करावी. किल्ली ऑफिसात द्यावी. रजिस्टरमध्ये निघाल्याची तारीख घालून सही करावी. मेसची बाकी भरून रशीद घ्यावी. ज्यांना अडचण आहे त्यांनी आदल्या दिवशी भेटावे. कुणाचे सामान राहिल्यास ते यादी करून कोरड्या खोलीत ठेवले जाईल."

शेवटचं वाक्य माझ्या मजकुरात नव्हतं. ते बाईंनी स्वतः घालायला सांगितलं. 'पावती'ऐवजी मी मुद्दाम 'रशीद' लिहिलंय, म्हणजे दोन्हीकडे एकच अर्थ होतो.

येताना अक्कांना प्लास्टिकचा नवीन कागद आणि पाव किलो कुंदा देऊन आले. कागद घेतला, कुंदा निम्मा माझ्याच हातावर परत ठेवला.

लहानीचा काल फोन आला होता. करवंदाचा कागद तिने तसाच ठेवलाय. वाकळ चुलीवरच्या माळ्यावर चार दिवस वाळवली, लाल तुकडा विटला तो विटलाच. आजीने त्यावर हिरव्या लुगड्याचा तुकडा टाचायला घेतलाय.